पोटोबातला ‘ओबा’

चि. वक्तृत्वपटूस,
अनेक आशीर्वाद.

पाण्यावरचं तुझं भाषण वाचलं. चार पानांत अकरा यमकं मोजली. ‘थेंब थेंब वाचवू या, भविष्य आपले उजळवू या’ला टाळ्या पडतील, मान्य. पण पाण्यानं भविष्य उजळतं कसं रे? पाण्यानं माणूस तगतो, शेत पिकतं. ‘वाचवू’ला जोडीदार हवा होता म्हणून तू ‘उजळवू’ला ओढून आणलंस.

यमकाशी माझं भांडण नाही. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ घे. पोट म्हणजे साधा अवयव. त्याला खंडोबा-म्हसोबाचा ‘ओबा’ लावला आणि थेट देवांच्या रांगेत, तेही विठ्ठलाच्या पुढे, नेऊन बसवलं. सगळा खट्याळपणा त्या दोन अक्षरांत आहे. ‘आधी जेवा, मग पूजा करा’ असं म्हणून बघ, डॉक्टरांची सूचना वाटते. दासबोधात समर्थांनीही याच घाटाची ओवी लिहिली आहे: ‘आधी प्रपंच करावा नेटका, मग घ्यावे परमार्थविवेका’. यमक तिथंही आहे, विचार तर कितीतरी मोठा आहे. तरी पंगतीला उशीर झाला की लोकांना पोटोबाच आठवतो.

तुझ्याच विषयातलं बघायचं तर ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’. चार शब्द, त्यातला एक दोनदा. आणि पाणलोटाच्या कामाचा क्रम त्यात जसाच्या तसा आहे. चर खणून, बांध घालून धावतं पाणी आधी थांबवायचं, मग ते जमिनीत मुरायचं. शेतावर उभ्या असलेल्या माणसाला पुढे काय करायचं ते घोषणेतूनच कळतं. ‘उजळवू या’ ऐकून त्यानं नेमकं काय करावं?

आता खरी काळजीची गोष्ट. ‘छडी लागे छमछम, विद्या येई घमघम.’ नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही ही ओळ वर्गात म्हटली होती, हातात छडी घेऊन. पोरं हसली, मीही हसलो. छडीचा आवाज छमछम येत नाही हे माझ्या ध्यानात यायला फार वर्षं गेली. छमछम वाजतात ती पैंजणं. छडी सपकन बसते आणि हातावर वळ उठतो. त्या ओळीनं छडीच्या पायात पैंजण बांधले, विद्येला घमघमाट दिला, आणि आम्ही मास्तर मंडळी निर्धास्त झालो. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७नं शाळेतल्या मारहाणीला मनाई केली. ओळ अजून लोकांच्या तोंडात आहेच.

मॅकग्लोन आणि तोफिघबख्श या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अर्थ तोच ठेवून काही वचनं यमकासह आणि काही यमकाविना लोकांपुढे ठेवली. यमकाची वचनं लोकांना अधिक खरी वाटली. पण मांडणी बाजूला ठेवून फक्त म्हणणं तोला, असं बजावल्यावर तो फरक बराच ओसरला. म्हणजे कान फसतात, पण सांगितलं की सावरतात. तू तर व्यासपीठावरून बोलणार, समोरच्यांना सावध करायला तिथं कोणी नसेल.

म्हणून प्रत्येक जोडओळ यमक काढून, रोजच्या बोलण्यात मोठ्यानं म्हण. ‘पोरांना मारलं की ती शिकतात’ हे असं उघडं वाक्य आज कोणत्या सभेत म्हणवेल? अकरापैकी तुझी नऊ तरी तिथंच गळतील. एखाद-दुसरं राहिलं तर खुशाल ठेव.

आणि हो, तिसऱ्या पानाच्या तळाशी तू घाईत एक वाक्य लिहिलंयस: ‘आमच्या आडाचा दोर आजी दर उन्हाळ्यात एक हात वाढवते.’ त्यात यमक नाही, घोषणा नाही. ते उचलून पहिल्या ओळीत घाल आणि शनिवारपर्यंत नवी प्रत पाठव.

तुझे,
सर