डोपटाउन म्हणजे कसली बाग?

नेदरलंड्सच्या उत्तरेकडील ग्रोनिंगेन प्रांतातल्या जुन्या ग्रामीण चर्चविषयीची एक पुस्तिका मराठीत आणणाऱ्या अनुवादिकेने चार डच शब्द पाठवून त्यांना मराठीत काय म्हणावे, असे विचारले आहे. डोपटाउन, प्रेकस्टूल, हेरेनबांक आणि राउबोर्ड हे ते शब्द. कोश पाहून त्यांनी स्वतः केलेले प्रतिशब्द अनुक्रमे ‘बाप्तिस्म्याची बाग’, ‘प्रवचनाची खुर्ची’, ‘सज्जनांचा बाक’ आणि ‘शोकफलक’ असे आहेत. मात्र छपराखाली बाग कशी असेल, या शंकेपाशी त्या अडल्या आहेत.

शंका रास्त आहे, कारण तिथे बाग नाही. डोप म्हणजे बाप्तिस्मा, याविषयी वाद नाही. घोळ आहे तो ‘टाउन’चा. (हा स्वर देवनागरीत नीट पकडता येत नाही, ‘आउ’ हा त्यातल्या त्यात जवळचा.) आजच्या डच भाषेत या शब्दाचा अर्थ बाग असाच होतो, पण मूळ अर्थ कुंपण असा आहे. जर्मन भाषेतल्या त्याच्या भावंडाने, ‘त्साउन’ने, कुंपण हाच अर्थ आजवर सांभाळला आहे, तर इंग्रजीत तोच शब्द कुंपणाच्या आतल्या वस्तीवर सरकत सरकत ‘टाउन’, म्हणजे गाव, होऊन बसला. डच भाषेतही जुना अर्थ अगदीच पुसला गेलेला नाही. हॉलंडचे प्रतीक म्हणून नाण्यांवर जी ‘हॉलंडची बाग’ दिसते, तिच्यात फुलझाडांपेक्षा भोवतीचे गोल, विणीचे कुडाचे कुंपणच ठसठशीत दाखवलेले असते.

मराठी वाचकाला हा प्रवास परका वाटू नये. संस्कृत ‘वाट’ या शब्दाचा एक अर्थ कुंपण किंवा कुंपण घातलेली जागा असा आहे, आणि त्याच घराण्यातून आपल्याकडे गुरे-मेंढ्या कोंडण्याचे वाडगे आले, राहण्याचा वाडा आला, कोकणातली नारळी-पोफळीची वाडी आली आणि पाच-पंचवीस घरांची वाडीही आली. कुंपण, बाग आणि वस्ती हे जे तीन अर्थ तीन युरोपीय भाषांनी आपसांत वाटून घेतले, ते मराठीने जवळजवळ एकाच शब्दकुळात नांदवले आहेत. म्हणून ‘बाप्तिस्म्याची वाडी’ असे सुचवण्याचा मोह मला झाला होता, हे कबूल करतो; पण वाचकाच्या डोळ्यांपुढे माडच उभे राहतील, म्हणून तो आवरला.

शब्द ठरवण्याआधी वस्तू पाहावी. चर्चच्या भिंतीला किंवा खांबाला लागून प्रवचनाचे उंच लाकडी आसन असते, आणि त्याच्या पायथ्याशी लाकडी कठड्याने वेढलेली एक लहानशी चौकोनी जागा असते. कठड्याला कातीव गजांची ओळ, आत जायला एक छोटे फाटक, आणि आसनाला किंवा कठड्याला जोडलेल्या धातूच्या कडीत बसवलेले बाप्तिस्म्याच्या पाण्याचे पितळी पात्र. मंडळीचे, म्हणजे त्या चर्चच्या भाविक समुदायाचे, वडील (कारभार पाहणारे ज्येष्ठ) याच कठड्याच्या आत बसत. ही रचना सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतरची आहे. मध्ययुगात बाप्तिस्म्याचे मोठे दगडी कुंड सहसा दाराच्या बाजूला असे, कारण बाप्तिस्मा म्हणजे मंडळीत प्रवेश. १५९४ मध्ये स्पेनच्या बाजूचे ग्रोनिंगेन शहर डच प्रजासत्ताकाच्या फौजेला शरण आल्यावर प्रांतातली चर्च कॅल्व्हिनपंथीयांकडे, म्हणजे कॅल्व्हिन या सुधारकाच्या प्रोटेस्टंट अनुयायांकडे, गेली. बाप्तिस्मा प्रवचनापासून तोडता येत नाही, वचन ऐकणाऱ्या मंडळीसमोरच तो व्हायला हवा, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे पाणी दारापासून उठून प्रवचनाच्या आसनाखाली आले. निरुपयोगी ठरलेली काही दगडी कुंडे पुढे शेतावर गुरांच्या पाण्यासाठी वापरली गेली.

तेव्हा जागेबद्दल बोलायचे असेल तर ‘बाप्तिस्म्याचे आवार’ आणि नुसत्या लाकूडकामाबद्दल बोलायचे असेल तर ‘बाप्तिस्म्याचा कठडा’ असे दोन शब्द ठेवावेत, असे मला वाटते. डच शब्द दोन्ही अर्थ एकट्याने वाहतो. मराठीत ते ओझे एकाच शब्दावर टाकण्याचे कारण नाही. वसईकडचे कॅथलिक ‘स्नानसंस्कार’ म्हणतात, पण विषय प्रोटेस्टंट मंडळीचा असल्याने येथे ‘बाप्तिस्मा’ अधिक शोभेल.

प्रेकस्टूलबाबत फार खल नको. ‘स्टूल’ म्हणजे डच भाषेत खुर्ची, आपल्या स्वयंपाकघरातल्या स्टुलाचा सख्खा नातलग. पण धर्मोपदेशक त्यावर बसत नाही, आत उभा राहतो. आपल्या ‘व्यासपीठा’चेही तेच झाले आहे: पीठ म्हणजे बसायची जागा, पुराणिक तिथे बसूनच सांगत, आणि आज वक्ता व्यासपीठावर उभा असतो. एवढे साम्य असूनही ‘व्यासपीठ’ म्हटले की सभेचा लांबरुंद मंच दिसतो, म्हणून ‘प्रवचनपीठ’ बरे. त्याच्या डोक्यावर आवाज खाली वळवणारे जे लाकडी छत असते, त्याला ‘नादछत्र’ म्हणता येईल.

‘सज्जनांचा बाक’ मात्र बदलायलाच हवा. येथे ‘हेरेन’ म्हणजे सभ्य गृहस्थ नव्हेत, तर गावातले जमीनदार सरदार. ‘बोर्ख’ नावाच्या तटबंद वाड्यात ते राहत, आणि धर्मोपदेशक व शाळामास्तर नेमण्याचा हक्क बहुधा त्यांच्या जमिनीला जोडलेला असे. चर्चमध्ये त्यांचा बाक कोरीव, उंच पाठीचा, काही ठिकाणी वर छत असलेला आणि प्रवचनपीठाकडे तोंड केलेला असे. आउटहाउझेनच्या चर्चमध्ये मेंकेमाबोर्खच्या आल्बेर्डा घराण्याचा असा बाक आहे. अशा बाकासाठी आपल्याकडे तयार शब्द आहे: ‘मानकऱ्यांचा बाक’. पालखीला पहिला खांदा कोणाचा, होळीला पहिली पोळी कोणाची, हे ज्या गावाला ठाऊक आहे, त्या गावाला हा बाक समजावून सांगावा लागणार नाही.

देवळाच्या शब्दकोशातून उसने घेताना एक सावधगिरी बाळगावी. मान, हक्क, आवार हे समाजव्यवस्थेचे शब्द खुशाल घ्यावेत. ‘गाभारा’ आणि ‘वेदी’ घेऊ नयेत. चर्चचा पूर्वेकडचा भाग कॅथलिक काळात वेदीचा होता हे खरे, पण कॅल्व्हिनपंथीयांनी वेदी काढून टाकली आणि प्रभुभोजनासाठी, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीसाठी, साधे मेज वापरले. वेदीची शिळा काही ठिकाणी फरशीत थडग्याचा दगड म्हणून बसवली गेली. पवित्रतम जागा ही कल्पनाच ज्यांनी मोडीत काढली, त्यांच्या चर्चला गाभारा देणे म्हणजे त्यांचेच म्हणणे खोडून काढणे होय.

राहिला राउबोर्ड. राउ म्हणजे शोक, बोर्ड म्हणजे फळी. तेव्हा ‘शोकफलक’ शब्दशः अचूक आहे, आणि तरीही फसवा आहे. मराठी माणसाला शोकफलक म्हटले की नाक्यावरचा, खडूने ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलेला काळा फळा आठवतो. राउबोर्ड हा बहुधा शंकरपाळ्याच्या आकाराचा, काळ्या पार्श्वभूमीवर मृताचे कुलचिन्ह रंगवलेला लाकडी फलक असतो, आणि अंत्यविधीनंतर तो चर्चच्या पांढऱ्या भिंतीवर कायमचा टांगला जाई. त्यावर मजकूर थोडा, बोलते ते चिन्ह. नेदरलंड्समधल्या १७९५ च्या क्रांतीनंतर समतेच्या नावाखाली कुलचिन्हे हटवण्याचे आदेश निघाले. तेव्हा असे पुष्कळ फलक नष्ट झाले आणि थडग्यांच्या दगडांवरची चिन्हेही छिन्नीने तासली गेली. शेजारच्या फ्रीसलंडमध्ये, होगेबाइंटुमच्या उंच मातीच्या टेकाडावरील चर्चमध्ये, ते आजही रांगेने टांगलेले दिसतात. फलकाचे महत्त्व त्या चिन्हात असल्याने ‘कुलचिन्हफलक’ हा शब्द योजावा, आणि तो पहिल्यांदा येईल तिथे ‘मृताच्या स्मरणार्थ टांगलेला’ एवढे तीन शब्द वाक्यातच घालावेत. तळटीप लागणार नाही.