ऑटोइन्फ्लमेटरी : स्वदाह, स्वयंदाह की स्वयंप्रतिकार?

मिरजेच्या एका वाचक ताईंनी विचारलंय : भाचीला दर काही आठवड्यांनी ताप भरतो, पोटात कळा येतात आणि दोन-तीन दिवसांत सगळं आपोआप निवळतं. डॉक्टरांनी कागदावर ‘ऑटोइन्फ्लमेटरी, आनुवंशिक?’ असं लिहिलंय. घरात कुणी त्याला ‘स्वयंप्रतिकार रोग’ म्हणतं, कुणी ‘स्वदाह’. बरोबर काय? आणि आनुवंशिक म्हणजे जन्मजातच ना?

‘स्वयंप्रतिकार’ आधी बाजूला काढू, कारण तो ऑटोइम्यूनसाठी रुळलेला शब्द आहे. ल्यूपससारख्या आजारात शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार करतं. ऑटोइन्फ्लमेटरी हे नाव १९९९ साली अमेरिकेतल्या डॅनियल कास्टनर यांच्या गटानं पुढे आणलं, ते या दोन गोष्टी वेगळ्या काढण्यासाठीच. इथे तशी प्रतिपिंडं सहसा सापडत नाहीत. बिघाड असतो तो उपजत प्रतिकारशक्तीत, म्हणजे जंतू ओळखायला शिकण्याआधीच कामाला लागणाऱ्या पहिल्या फळीत. म्हणून ‘एएनए’ची, म्हणजे स्वतःविरुद्धच्या प्रतिपिंडांची, तपासणी निगेटिव्ह आली की घरचे ‘काही निघालं नाही’ म्हणून सुटकेचा श्वास टाकतात, तो जरा घाईचा ठरतो. त्या तपासणीनं हा प्रश्न सुटतच नाही. इथे उपयोगी पडतात त्या दोन गोष्टी : ताप कधी आला, किती दिवस राहिला, सोबत काय दुखलं याची नोंदवही, आणि सीआरपीसारखी रक्तातला दाह दाखवणारी तपासणी एकदा ताप असताना, एकदा मुलगी हसत-खेळत असताना. अर्थात क्षय, मलेरिया, रक्ताचे आजार आधी वगळावे लागतात.

आता स्व की स्वयं? माझं मत ठाम आहे : स्वयंदाह. ‘स्व’ जोडला की क्रियेचा रोख स्वतःवर येतो : स्वनिंदा, स्वसंरक्षण. ‘स्वयं’ जोडला की क्रिया आपण होऊन घडते : स्वयंचलित, स्वयंस्फूर्त. बाहेरून कुणी चिथावलं नसताना पेटलेला दाह, हीच तर या आजारांची मूळ व्याख्या. ‘स्वदाह’ वाचताना मला तर आत्मदहनच आठवतं. खरं म्हणजे ऑटोइम्यूनला ‘स्वप्रतिकार’ जास्त शोभला असता, पण रुळलेल्या शब्दाशी भांडण्यात अर्थ नाही.

काही जण ‘दाह’ऐवजी ‘शोथ’ सुचवतात. शोथ म्हणजे सूज. सेल्सस या रोमन लेखकानं इन्फ्लमेशनची लाली, सूज, हाताला गरम लागणं आणि वेदना अशी चार लक्षणं सांगितली होती. शोथ त्यातलं एकच उचलतो, आणि भाचीला तर सूज दिसतच नाही. ‘दाह’ही एकच उचलतो हे कबूल, पण ‘इन्फ्लमेशन’च्या मूळ लॅटिन शब्दातही पेटवणंच आहे, शिवाय संधिदाह, यकृतदाह हे शब्द आपल्याकडे आधीच आहेत.

जुन्या लोकांकडे याहून नेमका एक शब्द होता : पाळीचा ताप. ठरावीक अंतरानं उलटून येणारा. तो बहुधा हिवतापाला म्हणत, आणि आज मुलीच्या बाबतीत वापरलात तर ऐकणारा भलतंच समजेल. तेव्हा ‘उलटून येणारा ताप’ म्हणा.

आनुवंशिक आणि जन्मजात यांत मात्र गफलत करू नका. (आणि ‘आनुवांशिक’ लिहू नका, अनुवंशला ‘इक’ लागला की फक्त पहिला स्वर वाढतो.) जन्मजात म्हणजे जन्मापासून असलेलं, मग कारण काहीही असो. आनुवंशिक म्हणजे जनुकातून वारशानं आलेलं, मग लक्षणं पाचव्या वर्षी दिसोत की पंचविसाव्या. फॅमिलिअल मेडिटरेनियन फीवर या उलटून येणाऱ्या तापाच्या स्वयंदाही आजाराचं उदाहरण घ्या. त्याचं एमईएफव्ही हे जनुक १९९७ मध्ये सापडलं. सहसा आई-वडील दोघांकडून बदललेली प्रत आली तरच आजार दिसतो, म्हणून ‘आमच्या सात पिढ्यांत कुणाला नव्हतं’ हे वाक्य आनुवंशिकतेच्या विरुद्ध पुरावा होत नाही. याउलट २०२० मध्ये वर्णन झालेला व्हेक्सास हा आजारही स्वयंदाहाचाच, पण त्यातला जनुकबदल उतारवयात अस्थिमज्जेत होतो. तो ना जन्मजात, ना आनुवंशिक.

डॉक्टर ‘लग्न नात्यातलं का?’ असं विचारतील तर रागावू नका. सांगली-साताऱ्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत आहेच, आणि दोन्ही प्रती एकाच घराण्यातून येण्याची शक्यता त्यानं वाढते. जनुक तपासणीच्या अहवालात कधी ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येतो. त्याचा अर्थ ‘नॉर्मल’ नाही आणि ‘आजार आहे’ असाही नाही. अशा वेळी नोंदवहीच पुन्हा उघडावी लागते. निदान पक्कं करण्याची निकड अशी, की या मेडिटरेनियन तापावर कोल्चिसिन हे गाउट या सांध्यांच्या आजारावरचं जुनं औषध १९७२ पासून वापरात आहे, आणि रोज घेतल्यास ते पुढे मूत्रपिंडात साचणाऱ्या अमिलॉइड या प्रथिनालाही रोखतं. ते द्यायचं की नाही हे अर्थात डॉक्टरच ठरवतील. दवाखान्यात बोलताना ‘ऑटोइन्फ्लमेटरी’ हाच शब्द वापरा. ‘स्वयंदाह’ घरच्यांना समजावण्यासाठी.