आमचा बीगल पट्टा सोडला की पळतो, कुणाचंच ऐकत नाही. त्याला ताळ्यावर कसं आणावं?

तुमचा बीगल दहा महिन्यांचा आहे, हाक मारली तर ढिम्म हलत नाही, पट्टा सोडला की पसार, एकटा ठेवला की रडून घर डोक्यावर घेतो. आणि ट्रेनर म्हणतो, 'मालक कोण ते त्याला एकदा दाखवून द्या.' पळण्याचं आणि रडण्याचं सांगते, पण आधी ते शेवटचं वाक्य. ते मी गेली सहा वर्षं ऐकतेय. ट्रेनरकडून नव्हे, थोरल्या दिरांकडून.

भाऊजींकडे पूर्वी जर्मन शेफर्ड होता, राजा. 'बस' म्हटलं की बसायचा, 'थांब' म्हटलं की भरल्या ताटलीसमोर लाळ गाळत थांबायचा. त्या एका कुत्र्याच्या भांडवलावर भाऊजी समस्त श्वानजातीचे जाणकार झाले. आमचा बीगल बंड्या तीन महिन्यांचा असताना ते त्याला बघायला आले आणि दारातूनच हुकूम सोडला, "बस!" बंड्याने त्यांच्या डाव्या मोज्याचा वास घेतला, उजव्याचा घेतला, खात्री करायला पुन्हा डाव्याचा घेतला आणि स्वयंपाकघरात निघून गेला. तो अपमान भाऊजींच्या अजून पचनी पडलेला नाही.

पुढे त्यांनी घरच्यांच्या ग्रुपवर एक यादी टाकली. स्टॅन्ली कोरेन या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली कुत्र्यांच्या जातींची हुशारीनुसार क्रमवारी लावली होती, ती. जर्मन शेफर्ड तिसरा, बीगल तळाच्या दहांत. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मी तेव्हा गप्प बसले, त्याची चुटपुट आजही आहे. कारण ती क्रमवारी लावली कशावरून? नवी आज्ञा किती वेळा सांगितल्यावर समजते आणि पहिल्याच हुकुमाला किती वेळा पाळली जाते, यावरून. माणसाचं ऐकणं मोजलं आणि नाव दिलं हुशारी. त्याच तळाच्या दहांत ब्लडहाउंड आहे, ज्याच्या नाकाच्या भरवशावर हरवलेली माणसं शोधली जातात. याउलट स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी एक एकराच्या मैदानात एक उंदीर सोडून वेगवेगळ्या जातींची परीक्षा घेतली होती. बीगलांना उंदीर मिनिटभरात सापडला, फॉक्स टेरियरना १५ मिनिटं लागली, स्कॉटिश टेरियरना सापडलाच नाही. ही यादी कुणी ग्रुपवर टाकत नाही.

शेफर्ड घडवला मेंढ्या राखायला, धन्याच्या इशाऱ्याकडे डोळा ठेवून काम करणारा. बीगल घडवला सशाच्या मागावर टोळीने धावायला. माणूस मागून धापा टाकत येणार, माग कुठे वळला ते पुढे गेलेल्या कुत्र्यानेच ठरवायचं. मध्येच थांबून 'साहेब, डावीकडे जाऊ का?' असं विचारणारा बीगल पैदाशीला कुणी ठेवलाच नसता. त्याच्या शेपटाचं टोक पांढरं असतं तेही उगाच नाही, उंच गवतात लांबून दिसावं म्हणून. सरळमार्गी माणसाला आपण नाकासमोर चालणारा म्हणतो, बीगल अक्षरशः तसा चालतो. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाख, त्याच्या नाकात २२ कोटींच्या घरात. तुम्ही हाक मारता तेव्हा तो वासांच्या गर्दीत असतो.

आता आमची गोष्ट. बंड्या दीड वर्षाचा होता. घरात, अंगणात 'ये' म्हटलं की कान उडवत धावत यायचा. मोकळ्या माळावर मात्र मी पट्टा सोडत नव्हते. एका सकाळी भाऊजी बरोबर होते. "बांधून ठेवतेस म्हणून ओढतो तो. माझा राजा कधी ओढायचा का?" असं म्हणत त्यांनी माझ्या हातातली दोरी घेतली आणि बोलता बोलता हूक काढला.

पहिली वीसेक पावलं बंड्या आमच्याबरोबर नीट चालला. भाऊजींनी माझ्याकडे वळून बघितलंसुद्धा. मग त्याचं नाक खाली गेलं. ज्यांनी बीगल सांभाळलाय त्यांना हा क्षण ओळखू येतो. पाठ लांबल्यासारखी होते, शेपूट ताठ उभं राहून टोकाशी थरथरायला लागतं आणि श्वास शिवणयंत्रासारखा भराभर चालू होतो. मी म्हणाले, "बंड्या, ये." काही नाही. मग त्याने आवाज काढला, घशातून लांबवत नेलेली ती हाळी, जी तोवर मी फक्त घरातल्या घरात ऐकली होती. पांढरं टोक गवतातून सरसर गेलं, उतारापलीकडे बुडालं, हाळी बारीक होत होत थांबली.

दोन तास आम्ही हाका मारत फिरलो. माझा घसा बसला, भाऊजींचा आवाज अजून चढा होता. "येईल गं, जातोय कुठे." शेवटी मला आठवलं की शिकारी लोक हरवलेल्या हाउंडसाठी, म्हणजे मागावर धावणाऱ्या शिकारी कुत्र्यासाठी, आपला कोट सोडल्या जागी पसरून ठेवतात. माग संपला की कुत्रा बऱ्याचदा स्वतःच्याच वासावरून उलट पावली परततो, आणि तिथे धन्याचा वास मिळाला की थांबतो. मी अंगातला स्वेटर काढला, जिथे हूक निघाला होता त्या जागी पसरला आणि आम्ही दुसऱ्या बाजूला शोधायला गेलो. तासाभराने परत येऊन बघते तर बंड्या स्वेटरवर झोपलेला. नाक एका बाहीत खुपसलेलं, कानांना कुसळं चिकटलेली, पुढचा एक पंजा रक्ताळलेला.

मी खाली बसायच्या आत भाऊजी पुढे झाले. "ये इकडे!" बंड्या उठला, शेपूट हलवत, लंगडत त्यांच्याकडे गेला. आणि त्यांनी हातातल्या दोरीने त्याच्या पाठीवर सपकन ओढली. "पुन्हा पळशील?"

बंड्याच्या बाजूने हिशेब मांडा. पळून तीन तास झाले होते. मधल्या वेळात तो स्वतः परत आला होता, वाट बघत थांबला होता. 'ये' ऐकलं, गेला, फटका बसला. कुत्रा फटका जोडतो तो लगेच आधीच्या गोष्टीशी, तीन तासांपूर्वीच्या नव्हे. भाऊजींनी त्याला शिकवलं एवढंच की 'ये' म्हटल्यावर जाऊ नये. आणि ते तो एका धड्यात शिकला, यादीत तळाला असूनसुद्धा.

दुसऱ्या दिवशी घरात मी "ये" म्हटलं तर तो सोफ्यामागे जाऊन बसला. शब्द नासला होता. नासलेल्या दुधाला विरजण लावत बसू नये, तो शब्द टाकून द्यावा. मी शिट्टी घेतली. तुमचाही 'ये' आतापर्यंत पन्नास वेळा हवेत विरला असेल, तुम्हीही टाकून द्या.

शिट्टीचं असं. पहिले दोन आठवडे कुत्रा शेजारी उभा असताना, घरात, शिट्टी वाजवायची आणि वाजताक्षणी उकडलेल्या कलेजीचा नखाएवढा तुकडा द्यायचा. काही करायला सांगायचं नाही. दिवसातून पंधरा-वीस वेळा. शिट्टी ऐकून त्याची मान झटक्यात वळायला लागली की दुसऱ्या खोलीतून वाजवायची. मग अंगणातून. मग बाहेर, पण १० मीटरच्या लांब दोरीवर, आणि दोरी हार्नेसला (छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला), गळ्याला नाही, नाहीतर धावत जाऊन शेवटी मानेला हिसका बसतो. मी पहिल्यांदा गोल नायलॉनची दोरी घेतली आणि एका सशापायी तळहात सोलवटून घेतला. चपटी पट्टी घ्या, हातमोजे घाला.

यात लोक हमखास चुकतात ते दोन ठिकाणी. एक, नाक खाली असताना, तो मागावर लागलेला असताना हाक मारतात. तेव्हा तो येणार नाही हे तुम्हाला माहीत असतं, तरी मारता. अशी प्रत्येक वाया गेलेली हाक त्याला न येण्याचा सराव देते. त्या वेळी तोंड बंद ठेवा, दोरी धरून त्याच्याजवळ चालत जा. दुसरं, फक्त घरी निघतानाच बोलावतात. मग येणं म्हणजे मजा संपली, असं समीकरण बसतं. दहा वेळा बोलवा, नऊ वेळा कलेजी देऊन पुन्हा त्याच वासाकडे सोडा. 'जा, हुंग' हे बक्षीस कलेजीहून मोठं ठरतं, हे मला फार उशिरा कळलं. त्याला हुंगू द्यायचं म्हणजे लाड नव्हेत. ड्युरांटन आणि होरोविट्झ या संशोधकांनी २०१९ साली काही कुत्र्यांना दोन आठवडे वासाने शोधायचे खेळ दिले आणि बाकीच्यांना शिस्तीत पायाशी चालायला लावलं. आत काही आहे की नाही ते न कळणाऱ्या वाडग्याकडे हुंगणारे कुत्रे नंतर जास्त उमेदीने गेले. माझं फिरणं आता किलोमीटरवर मोजत नाही. एका खांबापाशी बंड्याला चार मिनिटं हवी असतील तर चार मिनिटं. अर्धं जेवणही मी गवतात उधळते, तो शोधून खातो.

बंड्याला पुन्हा भरवशाचं यायला लागायला आठ महिने लागले. एका फटक्याचे आठ महिने.

तर 'मालक कोण ते दाखवा'. हे खूळ आलं लांडग्यांवरून. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल या संशोधकांनी प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवर लिहिलं, की ते वरच्या जागेसाठी आपसात लढतात. पळायला जागा नसली की मारामाऱ्या होणारच, माणसांतही होतात. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने 'अल्फा', म्हणजे टोळीचा म्होरक्या, हा शब्द घरोघरी पोचवला. त्याच मेक यांनी पुढे रानातले लांडगे वर्षानुवर्षं बघून १९९९ साली लिहिलं की टोळी म्हणजे बहुतेकदा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, तिथे वरची जागा लढून मिळवावी लागत नाही. ज्याने शब्द रूढ केला त्यानेच तो मागे घेतला, आणि आमच्याकडे तो अजून प्रत्येक पंगतीत वाढला जातो. हे सगळं मी भाऊजींना ग्रुपवर पाठवलं. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. महिन्याभराने म्हणाले, "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच." बीगलचं शेपूट सरळ असतं, भाऊजी. बघा एकदा.

तुमच्या ट्रेनरला त्याने आजवर किती हाउंड शिकवलेत ते विचारा. शेफर्ड आणि लॅब्राडोरच असतील तर पैसे वाचवा.

आता थोडं हात राखून. एक, दहा महिने म्हणजे ऐन वयात आलेलं पोर, यातला काही आगाऊपणा वर्षा-दोन वर्षांत आपोआप उतरेल. दोन, रहदारीजवळ मी आजही बंड्याला सोडत नाही, शिट्टी कितीही पक्की असली तरी. काही बीगल जन्मभर दोरीवरच राहतात आणि मजेत राहतात. तीन, खाऊ रोजच्या जेवणातूनच वजा करा, बीगल फुगायला वेळ लागत नाही. द्राक्षं, मनुका, चॉकलेट चुकूनही नको, विषारी आहेत. चार, अचानक ऐकेनासा झाला असेल तर आधी कान दाखवून घ्या. लोंबत्या कानांत संसर्ग लवकर होतो आणि दुखऱ्या कानाचा कुत्रा हट्टी वाटतो. आणि तो गुरगुरत, चावत असेल तर माझं उत्तर पुरेसं नाही, डॉक्टरांना आणि वर्तनाच्या जाणकाराला दाखवा.

एकटेपणी रडण्याचं राहिलंच. टोळीत राहायला घडवलेलं जनावर आहे, एकटं राहणं त्याला शिकवावं लागतं, तेही मिनिटा-मिनिटाने. दार लावून अर्धा मिनिट बाहेर, तो रडायच्या आत परत. मग दोन मिनिटं, मग पाच. निघण्याआधी भरपूर हुंगवून आणा आणि चाटत बसायला काहीतरी द्या. आमच्याकडे सहा-सात आठवडे लागले. मी जाताना अजूनही तोच स्वेटर त्याच्या अंथरुणात टाकते. एक बाही आता उरलेली नाही.