सुरत आली की सुरत आलं?

दर आठवड्याला बडोद्याहून मुंबईला नोकरीवर परतणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे, की गाडीने तापी ओलांडली की डब्यातले मराठी बोलणारे लोक 'सुरत आलं' असे म्हणत सामान काढू लागतात, मात्र पुण्यात वाढलेल्या त्यांच्या पत्नी नेहमी 'सुरत आली' म्हणतात. 'आलं' हे गुजरातीच्या सहवासाने बिघडलेले मराठी आहे, असे पत्नीचे मत आहे. मुलीने शाळेच्या प्रवासवर्णनात 'सुरत आले' असे लिहिल्यावर हा प्रश्न घरातच उभा राहिला आणि तो त्यांनी माझ्याकडे पाठवला. मीही सोमवारी पहाटे बडोद्याहून सुरतेला कामावर जाणारा प्रवासी असल्यामुळे हे वाक्य दोन्ही रूपांत कित्येकदा ऐकलेले आहे. माझे मत असे, की दोन्ही रूपे शुद्ध आहेत, पण त्यांचा कर्ता एक नाही.

आधी सुरत या नावाचे मराठीतले लिंग पाहू. ते स्त्रीलिंगी आहे, आणि याचा पुरावा आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेला आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये आणि पुन्हा १६७० मध्ये सुरत 'लुटली'. 'लुटला' नाही आणि 'लुटले'ही नाही. अशा वाक्यात क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे चालते, त्यामुळे गावाच्या नावाचे लिंग तेथे लपून राहू शकत नाही. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई 'घेतली', हे त्याच प्रकारचे उदाहरण आहे. दुसरा पुरावा सामान्यरूपाचा आहे. 'सुरतेची लूट', 'सुरतेवर स्वारी' या शब्दप्रयोगांत 'सुरत'चे 'सुरते' होते, जसे 'वीट'चे 'विटे' आणि 'जीभ'चे 'जिभे' होते. आज बोलताना आपण 'सुरतला जातो', 'सुरतहून आलो' असे मूळ नावालाच प्रत्यय लावून मोकळे होतो, आणि त्यामुळे हा पुरावा कानावरून नाहीसा होत चालला आहे. मला स्वतःला 'सुरतेला' हे रूप अधिक आवडते आणि मी ते लिहितो, पण 'सुरतला' अशुद्ध म्हणता येणार नाही.

येथे एक अडचण मान्य केली पाहिजे. व्यंजनान्त उच्चाराची बहुतेक ग्रामनामे मराठीत नपुंसकलिंगी आहेत. नाशिक, कल्याण, पनवेल, नागपूर, पालघर ही सगळी 'ते' आहेत. अंकलेश्वर आणि महाबळेश्वर यांत तर ईश्वर हा पुल्लिंगी शब्द आहे, तरीही देव 'तो' आणि गाव 'ते' असा भेद आपण न शिकवता करतो. सुरत या मोठ्या समूहात एकटी पडलेली आहे. ज्याच्या कानावर 'सुरतेची लूट' फारशी पडलेली नाही, त्याने तिला कल्याण-नाशिकच्या पंगतीत बसवले तर ते भाषेच्या स्वभावाला धरूनच होईल. परंतु गाडीतल्या 'आलं'चे मुख्य कारण हे नाही, असे मला वाटते.

ते कारण 'स्टेशन' या शब्दात आहे. गाडी मंदावली की आपण विचारतो, 'कुठलं स्टेशन आलं?' उत्तर देणारा 'सुरत' हे नाव सांगतो आणि क्रियापद प्रश्नातलेच ठेवतो. 'सुरत आलं' याचा अर्थ 'सुरत स्टेशन आलं' असाच असतो. स्टेशन हा शब्द गळतो, पण त्याचे लिंग मागे राहते. हा माझा केवळ तर्क नाही, त्याची परीक्षा करता येते. मुंबई हे नाव निर्विवाद स्त्रीलिंगी आहे आणि मराठी माणूस 'मुंबई आली' असेच म्हणतो. पण तोच माणूस पुढच्या क्षणी 'मुंबई सेंट्रल आलं' म्हणतो, आणि 'मुंबई सेंट्रल आली' असे मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. 'सेंट्रल' जोडताच मुंबई शहर मागे सरले आणि स्टेशन पुढे आले.

दुसरी परीक्षा पुणे-मुंबई मार्गावरची आहे. लोणावळा हा आकारान्त पुल्लिंगी शब्द असून त्याचे सामान्यरूप 'लोणावळ्या' असे होते. तरीही 'लोणावळा आलं, चिक्की घ्या' हे वाक्य कोणाच्या कानाला खटकत नाही. 'घोडा आलं' हे मात्र लहान मुलालाही खटकेल. नावाचा शेवट पुल्लिंगी आणि क्रियापद नपुंसकलिंगी असूनही वाक्य सहज वाटते, याचा अर्थ क्रियापद त्या नावाशी जुळतच नाही, ते न उच्चारलेल्या स्टेशनाशी जुळते. या मार्गावर गुजरातीचा काहीच संबंध येत नाही, हेही येथे लक्षात घ्यावे.

हाच नियम उलट बाजूनेही दिसतो. फलाटावर उभे राहून आपण 'कर्णावती आली', 'फ्लाइंग राणी सुटली', 'गुजरात मेल आली' असे म्हणतो. यांतली पहिली दोन नावे स्वतःच स्त्रीलिंगी आहेत, पण मेलला ते लिंग 'गाडी' या न उच्चारलेल्या शब्दाने दिले आहे. म्हणूनच 'वडोदरा एक्सप्रेस आली' आणि 'वडोदरा आलं' ही दोन वाक्ये ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. नद्यांचे मात्र तसे नाही. भरूच मागे टाकून गाडी पुलावर चढली की खिडकीशी बसलेली माणसे नाणे हातात घेतात आणि 'नर्मदा आली' असेच म्हणतात, कारण नदीच्या नावामागे दुसरा कोणताही शब्द उभा नसतो.

आपल्या बडोद्याने या दोन्ही गोष्टी एकाच नावात देऊ केल्या आहेत, आणि मला तर ते या चर्चेतले सर्वांत सुंदर उदाहरण वाटते. विश्वामित्री ही शहरातून वाहणारी नदी आहे आणि बडोद्याहून दक्षिणेकडे निघाल्यावर लागणारे पहिले स्टेशनही आहे. पावसाळ्यात कोणी 'विश्वामित्री रस्त्यावर आली' असे म्हटले, तर सयाजीबाग आणि काठच्या वस्त्यांची काळजी मनात येते. मुंबईहून परतताना डब्यात कोणी 'विश्वामित्री आलं' म्हणाले, तर बॅग खाली काढायची वेळ झाली, एवढेच कळते. नाव तेच असून क्रियापदाच्या शेवटच्या एका अक्षराने नदी आणि स्टेशन वेगळे होतात.

आता गुजरातीच्या आरोपाकडे वळतो. गुजरातीतही मराठीप्रमाणे तीन लिंगे आहेत आणि गावांची नावे तेथे सर्वसाधारणपणे नपुंसकलिंगी चालतात. 'सुरत आव्युं', 'अमदावाद आव्युं' याप्रमाणेच 'मुंबई आव्युं' असेही गुजराती माणूस म्हणतो. त्या सहवासाचा आपल्या बडोद्याच्या मराठीवर परिणाम झालेला नाही, असे मी म्हणणार नाही. येथल्या काही मराठी घरांत मी 'मुंबई आलं' हे वाक्यही ऐकलेले आहे, आणि तेथे मात्र गुजरातीचा हात स्पष्ट दिसतो, कारण ईकारान्त नावांचे स्त्रीलिंग मराठीत इतके पक्के आहे की स्टेशन मनात असतानाही ते सहसा ढळत नाही. दिल्ली, सांगली, डोंबिवली, नवसारी या सगळ्या 'आली'च असतात; विश्वामित्रीचे 'आलं' हा अपवाद, कारण तेथे नदीपासून स्टेशन वेगळे दाखवायचे असते. म्हणून 'सुरत आलं' हे बडोदेकरांनी निःसंकोच बोलावे, पण 'मुंबई आलं' हे लेखनात टाळावे, असे माझे मत आहे.

पत्रलेखकाने जाता जाता 'बडोदा आला की आलं' असेही विचारले आहे. या नावाची कथा थोडी निराळी आहे. जुन्या मराठी छापील मजकुरात हे नाव 'बडोदें' असे नपुंसकलिंगी दिसते, आणि माझी आजी बोलताना 'बडोदं' असेच म्हणत असे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर 'बडोदें'वरचा अनुस्वार गेला व 'बडोदे' राहिले, जसे 'पुणें'चे 'पुणे' झाले. त्याच्या बरोबरीने आकारान्त 'बडोदा' हे रूपही चालत आले आहे. या दोन्ही रूपांची सामान्यरूपे एकच आहेत: बडोद्याला, बडोद्याहून, बडोद्यात. घरी परतणारा माणूस बहुतेक वेळा हीच रूपे वापरतो, त्यामुळे मूळ नाव 'बडोदा' की 'बडोदे' हे ठरवण्याची गरज त्याला क्वचितच पडते. गाडीत ती गरज पडते, आणि तेथे 'आलं' हे 'बडोदें'लाही शोभते आणि स्टेशनालाही.

वडोदरा हे १९७४ पासूनचे अधिकृत नाव मराठीत चालवायचे असेल, तर सातारा-साताऱ्याला या नमुन्याप्रमाणे 'वडोदऱ्याला' हे रूप व्याकरणात बसते. ते लिहिताना 'ऱ्या' असेच लिहावे, 'र्या' नव्हे; 'आचाऱ्यास' आणि 'आचार्यास' यांत जो भेद आहे, तोच येथेही आहे. बोलण्यात मात्र 'वडोदराला' हेच अधिक ऐकू येते, कारण हे नाव आपल्यापर्यंत फलकावरून आणि तिकिटावरून आले आहे, आणि अशा नावांना मराठी माणूस चटकन विकार लावत नाही. मी स्वतः मराठीत लिहिताना 'बडोद्याला' लिहितो.

राहिला मुलीचा निबंध. लेखनात 'आलं'चे 'आले' होते, म्हणून तिने लिहिलेले 'सुरत आले' चुकीचे नाही आणि शिक्षकांनी त्यावर लाल रेघ ओढू नये. परंतु तिने पुढच्याच वाक्यात घारी आणि लोचो या सुरतेच्या खाद्यपदार्थांचे वर्णन केले आहे, असे पत्रात लिहिले आहे. तेथे तिच्या डोळ्यांसमोर स्टेशन नसून शहर आहे, आणि त्या एका जागी आईचे 'सुरत आली' हे वाक्य मला अधिक योग्य वाटते.