आधी पाऊस काढ

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

गाडीत राहायच्या बेताचं तुझं नकाशांचं बाड मिळालं. पलंगाखाली कपाट, कपाटाखाली पाण्याची टाकी, मागच्या दाराशी ओटा, कोपऱ्यात बाथरूम, छतावर चार पॅनल. सगळ्याची मापं मिलिमीटरमध्ये. शेवटी प्रश्न, "विंगर घेऊ की ट्रॅव्हलर?" आणि त्याखाली बारीक अक्षरात, "मामा, बाबा बोलत नाहीत. मलाच कधी कधी वाटतं, हे सगळं पळून जाणं तर नाही?"

बेळगावच्या शहापुरात मागाच्या खडखडाटात झोपणारी पोर तू. अडचणीच्या जागेला भिणार नाहीस हे मला ठाऊक आहे, म्हणून धीर देण्यात शाई घालवत नाही. माझं भांडण तुझ्या वेळापत्रकाशी आहे. मार्चमध्ये गाडी, मेपर्यंत सुतारकाम, पावसात गाडी शेडमध्ये झाकलेली आणि दसऱ्याला सीमोल्लंघन. हे सगळं उलटं कर. मृग लागायच्या आत रिकामी गाडी दारात आण, आत एक गादी, एक स्टोव्ह आणि पाण्याचे दोन कॅन टाक, आणि हस्त संपेपर्यंत तिच्यात राहा. तोवर आत एक खिळा ठोकायचा नाही. आधी पाऊस काढ, मग सुतार बोलाव.

तू म्हणशील, मामांचा हट्ट. हट्टच आहे. दिवाळीत ज्यांच्या गाडीचे फोटो बघून आम्ही सगळे वा वा करत होतो, त्यांची गाडी गणपतीनंतर विकायला निघालेली मी बघितली आहे, एकदा नव्हे. आतलं काम देखणं होतं. पण प्लायच्या मागे पत्रा घामेजलेला, गादीच्या खालच्या अंगाला काळी बुरशी, आणि छताला पंख्यासाठी पाडलेल्या भोकातून थेंब थेंब गळती. घेणाऱ्यानं सगळं उचकटून काढलं आणि पत्र्याच्या भावात गाडी नेली.

गाडीत पाणी वरून येतं असं लोकांना वाटतं. निम्मं पाणी आतच तयार होतं. एक माणूस रात्रभरात श्वासातून पेलाभर पाणी बाहेर टाकतो. किलोभर गॅस जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत जातं. ओला रेनकोट, ओली चप्पल, टॉवेल वेगळेच. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, जुलैतल्या रात्री गार. ती सगळी वाफ थंड पत्र्यावर जाऊन बसते. तू नकाशात उष्णता अडवायला पत्र्यामागे ग्लासवुल भरलं आहेस, ते ही ओल धरून ठेवतं आणि पत्रा आतून सडतो. बंद पेशींचा फोम पत्र्याला सलग चिकटवला तर बरंच निभावतं. पण तुझ्या गाडीत ओल नेमकी कुठे साठते, कुठली खिडकी बोटभर उघडी ठेवली की हवा खेळते, हे चार महिने तिच्यात झोपल्याशिवाय कळत नाही. ते कळायच्या आत प्लाय ठोकलास, तर तीच जागा तू कायमची झाकून टाकशील.

विजेचंही तसंच. माझं अर्धं आयुष्य गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेलं, म्हणून यावर जरा बोलतो. तुझा लॅपटॉप आठ तास, म्हणजे पाचेकशे वॅट-तास. पंखा, दिवे, फोन, राउटर मिळून दोनशे. लहान फ्रिज चार-पाचशे. झाले अकराशे-बाराशे. तू लिहिलेली 100 अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी 1,280 वॅट-तासांची, म्हणजे तुझा एक दिवस. एप्रिलमध्ये चारशे वॅटची पॅनलं ती आरामात भरतील. जुलैत आभाळ गच्च असताना त्याच्या चौथाई वीज हाती लागली तरी नशीब. मग दुसऱ्या दिवशी दुपारी मीटिंगच्या मध्यात स्क्रीन काळी, आणि पुण्यातला साहेब विचारणार, "आप कहाँ हैं?"

यावर लोक आणखी पॅनलं लावतात. ढगाखाली आठ लावलीस तरी ढगच आहे. गाडी चालवताना इंजिनकडून वीज घे. तीस अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर दोन तासांच्या प्रवासात आठशेच्या आसपास वॅट-तास देतो. लिथियम बॅटरी थेट अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर वीज बनवणाऱ्या यंत्राला, जोडू नकोस, ती अधाशासारखा करंट ओढते आणि अल्टरनेटर भाजून निघतो. बॅटरीच्या टोकाशी वीतभरात फ्यूज हवा. इंडक्शन शेगडी नकाशातून खोडून टाक. आणि फ्रिज खरंच लागतो का, हे पावसाळ्यातच ठरव. आम्हीही गाडीतच राहतो, आमच्याकडे नाही. तुझी मामी दूध रोजचं रोज घेते आणि ताक करून संपवते.

गॅसचा एक मुद्दा, मग पुढे जाऊ. पाच किलोचा सिलिंडर पुरतो. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाला साचतो. वरची खिडकी उघडी आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. स्वयंपाक सरकतं दार उघडं टाकून, बाहेर ताडपत्रीचा आडोसा करून. पावसात ताडपत्री कुठल्या बाजूला बांधायची तेही पाऊसच शिकवतो.

आता माझ्या हट्टाचं खरं कारण. आपल्या एकाच जिल्ह्यात कणकुंबीला आठवडाच्या आठवडा ऊन दिसत नाही आणि त्याच वेळी अथणीचा शेतकरी आभाळाकडे बघत बसलेला असतो. तुझ्यासारख्या पोरींचा बेत ठरलेला, जांबोटी, चोर्ला, आंबोली, धुकं, धबधबा, फोटो. अगं, जुलैत तिथं राहायचं नसतं, जाऊन यायचं असतं. जांबोटी सोडली की रेंजचा भरवसा नाही, वाळत घातलेला टॉवेल चार दिवस ओला. चिकोडी-रायबागकडच्या धनगरांना विचार, पाऊस लागला की मेंढरं कोरड्या मुलखात. दोन दिवस कपडे वाळले नाहीत की गाडी काढायची आणि गोकाक-सौंदत्तीकडे सरकायचं. दीड-दोन तासांत ऋतू बदलतो, आणि वाटेत बॅटरीही भरते. एका जागी ओल सोसत बसायचं तर घर काय वाईट होतं?

पण तिकडे गेलीस की जमीन बघ. खानापूरकडे जांभा आहे, पाणी मुरतं, गाडी उभी राहते. बैलहोंगल, सौंदत्ती, अथणीचं काळं रान एका सरीत लोण्यासारखं होतं. संध्याकाळी कोरड्या शेतात लावलेली गाडी सकाळी ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. मुरमाड जागा, देवळासमोरची फरसबंदी, डांबरी रस्त्याला लागून असलेलं खळं, असं काही शोध. आणि उजेड असताना पोचायचं. हे तू बाई आहेस म्हणून सांगतोय असं समजू नकोस, मीही पाचनंतर नवी जागा शोधत नाही. आधी माणसाला विचारायचं, मग गाडी लावायची. घरातली बाई बघून, "अक्का, इल्लि ओंदु रात्रि गाडी निल्लिसबहुदा?" म्हणजे, ताई, इथं एक रात्र गाडी लावू का? तुझं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं आहे, ते तुझ्या पॅनलांपेक्षा जास्त उपयोगी पडेल. जिथं दोनदा राहिलीस तिथला फोन नंबर वहीत लिहून मामीला देत जा. हायवेला मोठ्या पंपावर, ट्रकच्या रांगेत नव्हे, ऑफिसच्या दिव्याखाली. आणि खानापूरच्या रानात रात्रीचा मुक्काम नको. 2011 पासून तिथं भीमगड अभयारण्य आहे, अस्वलं आहेत, परवानगीशिवाय आत राहणं गुन्हा आहे. मोकळं रान दिसलं म्हणजे ते आपलं होत नाही.

नंबरपाटीचं. पुण्यात गाडी स्वस्त मिळते म्हणतेस. मिळते. पण आपण कर्नाटकात, सीमाभागात राहतो ते विसरू नकोस. एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की मोटार वाहन कायद्याच्या 47व्या कलमाखाली इथली नोंदणी करावी लागते. म्हणजे तिकडच्या आरटीओचं ना हरकत पत्र, इथला आजीवन कर, आणि तिकडे भरलेल्या कराचा परतावा मागत फिरणं. हे सगळं किमतीत धर आणि मग स्वस्त म्हण. डिसेंबर 2022 मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या पाटीच्या ट्रकांवर दगड पडले, त्याच दिवशी पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं. ट्रकची काच फुटली तर मालक नवी बसवतो. तुझी फुटली तर त्या रात्री झोपणार कुठं? बेळगावच्या पाटीची, केए-22 घे. आणि एक नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, पाटी कुठलीही असो, गाडी आतल्या गल्लीत लावून घरी जेवायला जा.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर, बॉडी कापण्याआधी दहादा विचार कर. 52व्या कलमानं कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानंही ते ठासून सांगितलं. सीट कायमच्या काढल्या तर आरसीवरची आसनसंख्या बदलून घ्यावी लागते. विमा कंपनीला न सांगता केलेलं काम क्लेमच्या वेळी अंगावर येतं. म्हणून मी म्हणतो, बोल्टवर बसणारं, सुटं निघणारं सामान. आणि तेही कधी? पाऊस काढल्यावर.

शौचाचं विचारायला लाजलीस, पण बाथरूम मात्र सगळ्यात मोठं काढलं आहेस. लघवी वेगळी, मैला लाकडाच्या भुशात, झाकणाची बादली. वास येत नाही. नदीत, ओढ्यात काही सोडायचं नाही, मार्कंडेय नदीचं पाणी राकसकोपला अडवून बेळगाव पितं. अंघोळीला पाच लिटर पुरतात. आमच्या गाडीत बाथरूम नाही म्हणून तू मागे हसली होतीस. त्या जागेत आमची तांदळाची कोठी आणि मामीचं शिलाई मशीन आहे. चार महिने बादलीवर काढ, मग सांग तुला ती एवढी जागा कशासाठी हवी.

बाबा बोलत नाहीत, ते बोलतील. आधार, मतदार यादी, बँक, सगळा पत्ता शहापूरचाच ठेव, म्हणजे पोस्टमन तरी घरी येत राहील आणि त्यांना तुला फोन करायला निमित्त होईल. पळणं म्हणशील तर ऐक. आमच्या गल्लीत म्हणतात, म्हातारा घर भावाला देऊन भिकाऱ्यासारखा गाडीत राहतो. माझी आई आजारी होती तेव्हा ही गाडी दवाखान्याच्या दारात उभी होती. भाऊ रात्री घरी झोपायला जायचा, त्यात त्याची चूक नाही, त्याला सकाळी दुकान होतं. पण तिला पाणी कोण देत होतं? गणपतीला मी घरी असतो, आरतीला असतो, वर्गणी देतो. तरी "सोडून गेला" म्हणतात. म्हणू देत. हे तुला का सांगत बसलोय कोण जाणे.

एक सल आहे, ती सांगून टाकतो. नकाशे मीही काढायचो. मुलांची शिक्षणं, मग कर्ज, मग "गाडी नीट तयार झाली की निघू". गाडी तयार होत राहिली आणि तुझ्या मामीचे गुडघे गेले. चोर्ल्याकडच्या धबधब्याला उतरायची पायवाट आहे ना, तिथं ती वर गाडीत बसून राहते आणि मी खालून येऊन सांगतो कसं होतं ते. ती काही बोलत नाही. म्हणून तुझं ते मिलिमीटरमधलं बाड बघून माझं डोकं फिरलं. तू अजून गाडीत एक रात्र झोपलेली नाहीस आणि मसाल्याच्या बाटल्यांचा कप्पा मोजून झाला आहे!

विंगर की ट्रॅव्हलर? खालून गंज कमी असेल ती. गोव्याची, सिंधुदुर्गाची गाडी स्वस्त दिसली तर जॅकवर चढवून चासी बघ, खारी हवा आधी तळ खाते. छताच्या पन्हळीची शिवण, चाकांच्या वरची कमान, दारांची रबरं बघ. पिवळ्या पाटीची असेल तर खासगी नोंद करून देण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर टाक, पैसे त्यानंतर. आणि ठरत नसेल तर यंदा काहीच घेऊ नकोस.

माझी जुनी ओम्नी अनगोळला भावाच्या दारात उभी आहे. मागच्या सीटा दुमडतात, साडेपाच फुटी माणूस तिरका झोपतो, तू तर त्याहून लहान. कुठून तरी पाणी येतं. कुठून ते मला माहीत आहे, तुला सांगणार नाही. मृगापासून हस्तापर्यंत ने. पहिला आठवडा येळ्ळूरला आमच्या शेजारी लाव, तिथनं ऑफिसचं काम होतं का बघ, मग एकटी पूर्वेकडे जा. दर पंधरा दिवसांनी बाडातलं काय काय खोडलंस ते मला कळव. ऑक्टोबरात जे उरेल ते घेऊन आपण उद्यमबागेत सुताराकडे जाऊ, फॅब्रिकेशनवाला माझ्या ओळखीचा आहे.

चावी वहिनीकडे आहे. रविवारी अकराच्या आत जा, नंतर भाऊ जेवायला घरी येतो आणि माझ्यावरून तुला तासभर ऐकवेल. विमा चालू आहे, पीयूसी संपली आहे, ती तेवढी काढून घे. स्टेपनीत हवा बघ.

तुझा,
मामा