घरचा सर्व्हर आणि विजेचं बिल

प्रश्न: फोटो आणि पिक्चर ठेवायला चोवीस तास चालणारा सर्व्हर करायचाय. जुना डेस्कटॉप पडून आहे, तोच वापरू की रास्पबेरी पाय (हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर) घेऊ?

उत्तर: डेस्कटॉप फुकटात पडतोय असं वाटतं खरं, पण तो नुसता चालू राहून ६० वॅट खात असेल तर वर्षाला ५२५ युनिट होतात आणि १० वॅटच्या मशीनला जेमतेम ८८, म्हणजे फरक बिलात दिसणारच. आधी प्लगला लावायचा वॅट मीटर आणा नि मोजा. रास्पबेरी पाय ५ चांगला आहे हो, पण अ‍ॅडाप्टर, केस, एसएसडी (न फिरणारी वेगवान डिस्क) जोडत गेलं की खर्च वाढत जातो, शिवाय त्यात व्हिडिओ कन्व्हर्ट करायला (टीव्ही-मोबाइलवर चालेल अशा फॉरमॅटमध्ये बदलायला) हार्डवेअर एन्कोडर, म्हणजे चिपमधला त्याच कामाचा खास भाग, नाही. तुम्हाला पिक्चर बघायचेत म्हणून मी इंटेलच्या एन१०० चिपवाला मिनी पीसीच सांगेन, क्विक सिंक या त्याच्यातल्या व्हिडिओ एन्कोडरमुळे ते काम तो आरामात करतो. फक्त एन१०० चा ६ वॅटचा आकडा बघून भुलू नका, तो नुसत्या चिपचा आहे, अख्खं मशीन त्याहून जास्त ओढू शकतं. आणि साडेतीन इंची हार्डडिस्क फिरत राहिली की एकटीच ५-६ वॅट घेते, त्यामुळे रोजचं सगळं एसएसडीवर ठेवा, मोठी डिस्क बॅकअपपुरतीच चालू करा.