पहारा कोण बदलणार?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका बहिणीचं पत्र आलं आहे. नवरा सतरा वर्षं फौजेत होता, त्यातली बरीच काश्मिरात. दोन वर्षांपूर्वी हवालदार म्हणून पेन्शनीवर घरी आला. ती लिहिते, "ताई, हे रात्री घरात झोपतच नाहीत. जेवण झालं की टॉर्च अन् काठी घेऊन वावरात जागलीला. शेजारच्या वावरात कोणी डुकरांसाठी सुतळी बॉम्ब फोडला की जमिनीवर पडतात, मग तासभर हात थरथरतात. परवा पोरानं झोपेतून उठवलं तर त्याचा हात असा पिरगाळला की सुजला. मग स्वतःच रडले. सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे, भगताकडे न्या. गाव म्हणते, फौजी आहे म्हणून आपली तूर वाचली. मी काय करू?"

बाई गं, ते तूर वाचल्याचं वाचून माझ्या पोटात कालवलं. गावाचा फायदा होतो आहे, म्हणून त्यांच्या न झोपण्याला कोणी दुखणं म्हणत नाही. रोही-डुकरांपायी जागल आपल्याकडे घरोघरी आहे. पण बाकीचे आळीपाळीनं जातात, शेकोटीपाशी डुलकी काढतात. हवालदार जागलीला जात नाहीत, ड्यूटीवर जातात. अंधारात पान हललं तरी सावध व्हायचं, हे अंगात भिनलं म्हणून तर ते जिवंत परतले. पेन्शनीचा कागद हाती आला म्हणून अंग ते विसरत नाही.

सासूबाईंशी भांडू नकोस, पण भगताकडे जाऊ नका. तू लिहिलेली लक्षणं ज्या दुखण्याची वाटतात, त्याला डॉक्टर पीटीएसडी म्हणतात, म्हणजे जिवावरच्या प्रसंगांचा धक्का मनात राहून जडणारं दुखणं. १९८० सालापासून ते त्या नावानं आजारांच्या यादीत आहे. नक्की काय ते डॉक्टरच तपासून सांगतील. बोलण्याच्या उपचारानं आणि औषधानं यात उतार पडतो. "मी काय येडा आहे?" असं ते म्हणतीलच. तेव्हा मनाचं नाव काढू नकोस, "झोपेसाठी दाखवू" म्हण. त्यांच्या ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या कार्डावर तिच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे चिठ्ठी मिळते. वाट ठाऊक नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचार. तोवर तू स्वतः १४४१६ वर फोन कर. ती टेलिमानस, मनाच्या दुखण्यांसाठीची सरकारी मोफत सेवा आहे, मराठीत बोलता येतं, रात्री दोनलाही.

जागल एकदम तोडू नकोस, त्यांना उगाच बेकाम झाल्यासारखं वाटेल. फौजेत संतरीचा पहारा ठरल्या वेळी बदलतो, दुसरा येऊन उभा राहतो. तुमच्या वावरात दोन वर्षं कोणी आलंच नाही. दिराला सांग, बारानंतरची जागल त्याची. शेजाऱ्यालाही सांग, बॉम्ब फोडण्याआधी हाक दे. घरात परवान्याची बंदूक असेल तर सध्या पोलीस ठाण्यात जमा करू द्या, यात मी तडजोड सांगणार नाही. फौजी कॅन्टीनच्या दारूवर झोप येते असं त्यांना वाटत असेल, पण ती झोप पहाटे मोडते आणि दुखणं वाढतं. त्यांच्याच तुकडीतला कोणी जवळपास राहत असेल तर त्याला जेवायला बोलाव. जे तुला सांगणार नाहीत, ते त्याच्यापाशी बोलतील.

आणि ते कधी मरणाची भाषा बोलले, तर वाट न पाहता त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठ.

पोराला मात्र आजच जवळ घे. बाबांना हात लावून उठवायचं नाही, खाटेपासून दूर उभं राहून "बाबा, मी आहे" म्हणायचं, हे त्याला शिकव. "हात पिरगाळला तो तुझ्यावरच्या रागानं नाही," हेही त्याला सांग. हे बाबांनीच त्याला सांगितलं तर फार बरं होईल. एवढं त्यांच्याकडून करवून घे.